दगडूरावांचं नाव घेते

"नवऱ्याचं नाव?"

मी पदर पुढं ओढला.

"अहो बाई, नवऱ्याचं नाव सांगा. मागं रांग आहे."

मी चावडीच्या पायरीखाली उभी. दुपारचं ऊन डोक्यावर. वर ओट्यावर टेबल, टेबलामागं पुण्याहून आलेले साहेब. पांढरा सदरा, काखेत घाम. त्यांच्या शेजारी बाकावर आमच्या गावचे पाटील. कागदोपत्री ते एका उमेदवाराचे माणूस म्हणून तिथं होते. पण रोज ज्या बाकावर बसायचे त्याच बाकावर, रोजच्यासारखेच पाय वर घेऊन बसले होते.

सत्तावन्न सालचं इलेक्शन. गावच्या बायांची मतं आधी झाली. मग वाड्यांवरच्या बायांची. महारवाड्याच्या आम्ही बाया सकाळपासून चिंचेखाली. कुणी आम्हाला मागं बसा म्हटलं नव्हतं. आमचे पायच आपणहून मागं गेले होते.

माझं वय पंचवीस-सव्वीस. लग्नाला बारा वर्षं झालेली. त्या बारा वर्षांत नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. हे मला चूल पेटवायच्या आधी शिकवलेलं. त्यात माझ्या नवऱ्याचं नाव दगडू. सासूची आधीची चार मुलं गेली, म्हणून याचं नाव तिनं दगडू ठेवलं. दगडाला कोण नेणार? झालं. मग मला दगड हा शब्दसुद्धा बंद. वाटेत ठेच लागली तर म्हणायचं धोंडा लागला. चुलीला तीन धोंडे. नदीत धुणं आपटायचा तोही धोंडा. मुळशीत राहायचं, जिथं मातीपेक्षा दगड जास्त, आणि दगड म्हणायचं नाही!

साहेबांना हे कुठून ठाऊक? मी मान खाली घालून म्हटलं, "त्यो धोंडा असतो न्हवं का सायेब, वाटंला पडल्याला... त्येचं दुसरं नाव."

साहेब यादीत बोट फिरवायला लागले. "धोंडू? धोंडू कुणी नाही इथं."

मागच्या बाया फिसकन हसल्या. मग बापयेही हसले.

पाटील म्हणाले, "दगड्याची हाय ती. म्हारवाड्यातली. पर आमी सांगून काय उपेग? तिनं सोता सांगाया पायजे. कायदा हाय."

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "मग उखाण्यात घ्या बाई. उखाण्यात चालतं ना?"

ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटलं, अडचण सोडवली. त्यांच्या घरी हळदीकुंकवाला बायका घेत असतील उखाणे, वर साखर वाटत असतील. उखाण्यात पाप लागत नाही हे खरं. माझ्या लग्नात मीही घेतला होता. पण तो बायांत. चावडीवर, बापयांपुढं, पाटलांपुढं कुणा बाईनं उखाणा घेतलेला मी ऐकला नव्हता. आणि आमच्यातली बाई! चावडीची पायरी चढायची सवय नसलेली.

मी निघून जायला हवं होतं. पाय निघाले नाहीत. मला तो मताचा कागद हवा होता.

मी डोळे मिटले आणि म्हटलं,

"ताम्हिणीच्या घाटात करवंदांची जाळी,
दगडूरावांचं नाव घेते मताच्या येळी."

मग पाटलांनी पाय खाली सोडले.

"राव?"

ते बाकावरून माझ्याकडं वाकले.

"दगड्या राव कवा झाला गं? काल माज्या गोठ्यात शेण भरत व्हता ह्यो राव!"

मग जे हसू फुटलं ते सगळ्या चावडीचं. खांबाला टेकलेला कोतवाल हसला. गावच्या बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. साहेबसुद्धा गालात हसले. माझा नवरा बापयांच्या रांगेत उभा होता. तो तेवढा हसला नाही. तो आपल्या पायांकडं बघत होता. त्याची ती मान मला अजून दिसते. उखाण्यात नवऱ्याला राव म्हणायचंच असतं. ते माझं शहाणपण नव्हतं, ती रीत होती. पण रीतसुद्धा जात बघते हे मला त्या दिवशी कळलं.

साहेबांचं बोट यादीवर थांबलं. त्यांना माझं नाव सापडलं होतं. नावापुढं एक रेघ होती.

"हिचं मत झालंय," ते म्हणाले.

"म्या तर आत्ता आली."

"सकाळीच झालंय. रेघ आहे इथं. चला, पुढची."

मी माझं बोट बघितलं. कोरं. शाईचा टिपूस नाही. बोट वर करून दाखवावं हे सुचलं नाही. सुचलं असतं तरी हात वर झाला नसता.

पाटील मऊ आवाजात म्हणाले, अगदी लेकीला सांगावं तसं, "जा घरी. एका मतानं दिल्ली हलत न्हाई."

मी घरी गेले.

आता कागद कशाला हवा होता ते सांगते.

गावात विहीर एकच. आम्हाला तिच्या काठावर चढायची बंदी. खाली घडा ठेवून बसायचं. कुणा गावच्या बाईला दया आली तर ती वरून ओतायची, तेही लांबून, अर्धं पाणी मातीत. दया रोज येत नाही. म्हणून आम्ही ओढ्याचं पाणी प्यायचो. ओढा वरच्या अंगाला गावची म्हसरं धुवायचा आणि खालच्या अंगाला आमची तहान भागवायचा. पावसाळ्यात त्याचा रंग चहासारखा. आमच्या पोरांची पोटं कायम फुगलेली.

त्या इलेक्शनला एक उमेदवार पायी आमच्या वाड्यात आला. आमच्याच तांब्यातलं पाणी प्याला. पिताना त्याचं तोंड वाकडं झालं, पण प्याला. म्हणाला, "मत द्या, विहीर खोदून देतो." खोटं बोलत असेल. आधीच्यानं रस्ता सांगितला होता, तो अजून येतोय. पण मला वाटलं, मागून तर बघावं. भिक्षा मागायची सवय होती आम्हाला. मत देऊन काही मागायची संधी पहिल्यांदा आली होती. मागणं आणि भिक्षा यांत फरक असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पोटाला ठाऊक होतं.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर त्याचं चित्र. पडद्याआड जायचं आणि आपल्या चित्राच्या पेटीत कागद टाकायचा. मी कुठल्या पेटीत टाकणार होते ते सांगत नाही. मत गुप्त असतं. माझं तर इतकं गुप्त राहिलं की मलाही दिसलं नाही.

त्याच्या आधीच्या, बावन्न सालच्या इलेक्शनलाही मी गेले होते. तेव्हा यादीत माझं नावच नव्हतं. ती चूक पाटलांची नव्हती, सरकारचीही नव्हती. माझीच होती. नावं लिहिणारा माणूस आमच्या वाड्याच्या कडेला थांबला. आत आला नाही, पण ओरडून विचारलं, नाव काय? मी म्हटलं, "माजं नाव कशापायी? ह्यांची मंडळी लिवा." तो म्हणाला, ह्यांची म्हणजे कुणाची? मी तेच सांगितलं, धोंडा असतो त्याचं दुसरं नाव. त्यानं लिहिलं, धोंडूची बायको. आमच्या सगळ्याच बाया तशा गेल्या यादीत. कुणाची आई, कुणाची सून. नंतर समजलं, असली सगळी नावं खोडली. अमक्याची बायको हे नाव होत नाही, असं सरकारचं म्हणणं. बरोबरच होतं. पण मला तोवर वाटायचं, तेच माझं नाव.

सत्तावन्नच्या आधी मी माझं नाव सांगितलं. सांगताना कानशिलं तापली, जणू लुगडं सुटलंय. नवऱ्यानं स्वतःचं नाव स्वतः सांगितलं. यादी झाली. आता कुठं अडणार नाही असं वाटलं. आणि अडलं कुठं? नवऱ्याच्या नावाशीच.

आणखी एक गोष्ट डोक्यात फिरत होती. माझ्या नावानं जी सकाळी मत टाकून गेली, तिलाही साहेबांनी विचारलंच असणार, नवऱ्याचं नाव? त्या सकाळी पाटलांच्या वाड्यावर भात कांडायला आलेल्या बाया गाडीत बसवून आणल्या होत्या, हे सगळ्यांनी बघितलेलं. त्यांतलीच कुणी असेल. तिला नाव घ्यायला काय झालं? तिचा तो नवरा थोडाच होता! फाडदिशी म्हणाली असेल, दगडू. जिचा नवरा, ती अडखळली. जिचा नव्हे, ती मत टाकून गेली. मी जिथं अडले तिथंच मी खरी होते, आणि तेवढ्यावरच मी खोटी ठरले.

घरी सासू दारातच होती. बातमी माझ्या आधी पोचलेली.

"चावडीवं नाव घेतलंस?"

"उखान्यात घेतलं, आत्याबाई."

"बापयांम्होरं घेतलंस. माज्या पोराचं आयुक्ष काढून दिलंस, आन् त्येंनी काय दिलं तुला?"

काही दिलं नव्हतं. मी माझा रिकामा हात बघितला.

नवरा संध्याकाळी आला. जेवला. झोपताना एवढंच म्हणाला, "राव चांगलं वाटलं कानाला." तो माणूस असा होता. सगळं गाव त्याच्यावर हसलं आणि त्यानं त्यातलं तेवढंच घरी आणलं. मी तोंडात पदर घालून रडले.

त्याच पावसाळ्यात तो गेला.

श्रावण होता. लावणी उरकलेली. आमच्या वाड्यात हगवण-उलटीची साथ आली. संध्याकाळी त्याच्या पोटात कळ आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस संपला. पौडला डॉक्टर होता, पण ओढ्याला पूर होता. पाणी पाणी करत होता. पाजत होते ओढ्याचंच. दुसरं कुठून आणू? माझ्या हातानं पाजलं.

बायांनी मला अंगणात बसवलं. आमच्या लोकांनी धर्म बदलून वर्ष होत आलं होतं, देव नदीला दिले होते, पण बाईच्या बांगड्यांपर्यंत तो बदल पोचला नव्हता. सासू कुणाला तरी म्हणाली, "दगड आना." त्या दगडानं माझ्या बांगड्या फोडल्या. फोडताना ती म्हणाली, "खाल्लंस गं बया. एका मतापायी खाल्लंस. आन् मतबी न्हाई गावलं."

सगळ्या बाया ऐकत होत्या. कुणी नाही म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. मला ते पटलं होतं. खरं सांगते, मला ते पुरतं पटलं होतं. मी नाव घेतलं, तो मेला. दोन आणि दोन चार.

नंतरचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. वाड्यात कुणी माझ्या हातचं घेईना. आधीच आम्हाला गाव शिवत नव्हतं. आता गाव ज्यांना शिवत नव्हतं त्यांनीही मला टाकलं. लेकरू नव्हतं. माहेर हिंजवडीला, तिथं भावाचंच पोट भरत नव्हतं. त्यानं निरोप धाडला, सासूपाशीच राहा. आजोळ म्हणावं तर ते धरणाच्या पाण्याखाली, माझ्या आईच्या लहानपणीच गेलेलं. एकदा त्या पाण्याच्या काठाला जाऊन बसले. पाणी एवढं मोठं, एवढं शांत, दुसऱ्यांचे विजेचे दिवे लावायला अडवलेलं. खाली आजोळचं घर असेल, चूल असेल. वाटलं, जावं खाली. तिथं तरी कुणी दार लावून घेणार नाही. उन्हं कलेपर्यंत बसले. काय वाटून उठले ते आठवत नाही. भूक लागली असेल.

परतताना ओढ्यावर सखू भेटली. माझ्याच वयाची. तिचा नवराही त्याच साथीत गेला होता, माझ्या नवऱ्यानंतर तीन दिवसांनी. ती घडा भरत होती. मी नुसती बघत राहिले. मग माझ्या तोंडातून गेलं, "सखू, तू कवा तुज्या मालकाचं नाव घेतलं व्हतंस का गं?"

ती दचकली. "मी? या बया! लगनातबी न्हाई. मुकी झाल्ती मी तवा."

"मंग त्यो कशानं मेला?"

ती घड्याकडं बघायला लागली. मीही बघितलं. पाण्यावर शेणाचा तवंग होता.

त्या साथीत आमच्या वाड्यातली पाच माणसं गेली. त्यांत एक तान्हं पोर होतं. त्याला तर बायकोच नव्हती! कुणी घेतलं त्याचं नाव? मी हे मोठ्यानं बोलले आणि मला हसू आलं. वेड्यासारखं हसत सुटले. सखू घाबरली. मग ओढ्यात उभी राहून मी ओरडले, "दगडू! दगडू! दगडूराव!" मेलेल्याचं आयुष्य आणखी किती घटणार?

माझ्या नवऱ्याला नावानं मारलं नाही. पाण्यानं मारलं. आणि ते पाणी बदलायचा जो एक कागद माझ्या हातात यायचा होता, तो सकाळीच कुणीतरी पेटीत टाकला होता. मला अपराधी ठरवायला देव लागला, रीत लागली, सगळा गाव लागला. खरा अपराधी बाकावर पाय वर घेऊन बसला होता.

त्यानंतर मी दगडाला दगड म्हणायला लागले. एवढाच बदल. बाकी तेच, दुसऱ्याच्या खाचरात लावणी, मोळ्या, ओढा.

पुढं काही वर्षांनी गावात मोठ्या माणसांना लिहायला शिकवायचं निघालं. आमच्या वाड्यात दुपारी बायांचा वर्ग. शिकवायला एक गुरुजी यायचे, दुसऱ्या गावचे. माझी बोटं करपलेली, पाटीवर अक्षर उमटेना. तीन महिने लागले मला माझं नाव लिहायला. लिहिलं त्या दिवशी गुरुजींना चावडीची गोष्ट सांगितली. गुरुजींनी इलेक्शनचं काम केलेलं होतं. ते म्हणाले, "आधी कुणी तुमच्या नावावर मत टाकलं असेल तरी खऱ्या माणसाला कागद मिळतो. वेगळा. मागायचा. नियम आहे." मग शाळेतल्यासारखं म्हणाले, "थेंबे थेंबे तळे साचे."

मी म्हटलं, "गुरुजी, आमच्या तालुक्यात तळं साचलंय की. लई मोठ्ठं. पर त्यात बुडालं कोन?"

गुरुजींनी पाटी पुसायला घेतली. माणूस चांगला, पण म्हण चुकीच्या गावात काढली.

बासष्टचं इलेक्शन आलं. आता पेट्या वेगळ्या नव्हत्या. एकाच कागदावर सगळी चित्रं आणि शिक्का मारायचा. टेबल तसंच, चावडी तीच. साहेब नवे, चष्म्याचे. पाटील जुनेच, मिशा पांढऱ्या झालेल्या. मी चिंचेखाली बसले नाही. सकाळचं भात कांडायचं काम टाकून गेले आणि सरळ रांगेत, गावच्या बायांमध्ये उभी राहिले. पुढचीनं अंग चोरलं. चोरू दे.

"नवऱ्याचं नाव?"

"दगडूराव. मयत."

आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. पाटलांनी मान वळवली. या वेळी कुणी हसलं नाही. मेलेल्याच्या नावाला हसत नाहीत, म्हणून असेल.

साहेबांचं बोट यादीवरून खाली आलं. थांबलं. त्यांनी चष्मा सारखा केला. मला कळलं. त्यांनी सांगायच्या आधी कळलं.

"बाई, तुमचं मत तर..."

"झालंय. रेघ हाय. ठावं हाय मला."

"सकाळी ज्या बाई आल्या त्यांनी नाव, नवऱ्याचं नाव, सगळं बरोबर सांगितलं. जराही अडखळल्या नाहीत."

"सांगतीलच की. त्येंचा कुटं नवरा व्हता!" मी बोट वर केलं. "ह्ये बगा माजं बोट. शाई दावा. त्येचं नाव घ्याया मला बारा वर्सं लागली सायेब. नाव घेतलं म्हनून गावानं मला नवरा खाल्ल्याली ठरवली. आन् सकाळच्या बाईचं काय गेलं? मला माजा येगळा कागद पायजे. नियम हाय."

पाटील म्हणाले, "कायदा शिकली का गं? दगड्याची..."

"दगडूरावांची," मी म्हटलं.

मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. साहेबांकडंच बघत होते. साहेबांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं, पानं उलटली. वाचलं. पुन्हा वाचलं. मला सासऱ्याचं नाव विचारलं, घर कुठलं विचारलं, घरात कोण कोण विचारलं. मग एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. दहा वर्षं ज्याच्यासाठी रखडले तो कागद. त्यावर चित्रं होती. मी हात लावला.

तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "एक सांगतो. हा पेटीत जाणार नाही. पाकिटात जाईल. आणि पाकिटातली मतं मोजणीत धरत नाहीत. पुढं कोर्टात तक्रार झाली तर उघडतात. नाही तर नाही."

हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत नसेल, किंवा सांगायचा धीर झाला नसेल.

पाटील आता हसले. पोट धरून हसले. "ह्ये मत म्हंजी कावळा न शिवल्याला पिंड! टाक, टाक. एका मतानं दिल्ली हलत न्हाई, आन् ह्ये तर एकबी न्हाई!"

खोटं का सांगू? वाटलं, कागद टेबलावर ठेवावा आणि जावं. पोट जाळून इथवर आले ते न मोजायच्या मतासाठी? सासूचं बोलणं कानात आलं, मतबी न्हाई गावलं. पुन्हा नाही गावलं.

आणि तेव्हाच मला ते दिसलं. साधं होतं. पाच वर्षं डोळ्यापुढं होतं.

एका मतानं दिल्ली हलत नाही, तर पाटलांनी माझ्या एका मतासाठी दोन बैलांची गाडी का जुंपली? दोन इलेक्शनं, दोन सकाळी. एका बाईला माझं नाव घोकून घ्यायला लावलं. माझ्या नवऱ्याचं घोकून घ्यायला लावलं. ज्या माणसाला राव म्हणताना यांचं तोंड वाकडं होतं, त्याचं नाव यांनी आपल्या वाड्यावर पाठ करून घेतलं. ज्याची किंमत शून्य, ते कुणी चोरतं का? चोर फुटकं मडकं उचलत नाही.

मी साहेबांना म्हटलं, "मोजू नगा. पर ठिवा. मला कुटं जायाचं ते दावा."

पडद्याआड गेले. शिक्का मारला. कुणावर ते सांगत नाही. कागद पाकिटात गेला. साहेबांनी एक वही पुढं केली. शाईचं पॅड जवळ ओढून म्हणाले, "अंगठा इथं."

मी पेन मागितलं. तीन ओळींची जागा खाल्ली माझ्या नावानं. माझं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. नवऱ्याचं लिहिताना दगडूपाशी हात थांबला. मग पुढं लिहिलं. राव. साहेबांनी ते वाचलं, वही मिटली. पाटील वाकून बघायला गेले, तोवर मिटलेली.

माझं मत मोजलं नाही. उमेदवार निवडून आला तो पाटलांचा, हजारोंनी. माझा एक कागद मोजला असता तरी तो हजारोंनीच आला असता. विहीर झाली नाही. सासू अजून माझ्याशी धड बोलत नाही, मरेपर्यंत बोलणार नाही. सगळं नीट झालं असं ऐकायला कुणी बसलं असेल तर त्यानं उठून जावं.

पण कुठल्या तरी सरकारी कपाटात एक पाकीट आहे. ते सांगतं की या गावात एकाच बाईची दोन मतं पडली आणि त्यांतलं एक चोराचं आहे. न मोजलेलं मत मेलेलं नसतं. ते साक्षीला बसलेलं असतं.

आता पुढचं इलेक्शन आलंय. पाटलकी सरकारनं काढून घेतली, बाक तसाच आहे, त्यावरचे पायही. गेले दोन महिने आमच्या वाड्यातल्या बाया सकाळी ओढ्यावर घडे भरून ठेवतात आणि एकेक जण आपल्या नवऱ्याचं नाव घेते. मोठ्यानं. उखाण्याशिवाय. पहिल्या दिवशी तिघी रडल्या. एकीला उलटी झाली. आता अकरा जणी घेतात. सखू सगळ्यात मोठ्यानं घेते. माझ्यासारख्या, सखूसारख्या आधीच्या विधवा सोडल्या तर सगळ्यांचे नवरे जिवंत आहेत. जे मरतील ते पाण्यानं मरतील.

मतदानाच्या दिवशी गाडी जुंपायच्या आधी आम्ही चावडीच्या दारात असू. चिंचेखाली नाही. दारात. मी धरून बाराही जणी, बोटं वर करून.

माझं नाव मी इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. माझं नाव यादीत आहे. या खेपेला त्या नावापुढं रेघ माझ्या देखत पडेल, नाही तर त्या चावडीत कुणाच्याच नावापुढं पडणार नाही.